लव्हलेस: आवाज वाढवून ऐकायचा नाजूक अल्बम

माय ब्लडी व्हॅलेंटाइन या रॉक बँडच्या दुसऱ्या स्टुडिओ अल्बमची ओळख बहुतेक वेळा एकाच पद्धतीनं करून दिली जाते: गिटारची भिंत आहे, शेकडो थर आहेत, तयारीनं बसा. या ओळखीनं अल्बमचं नुकसानच झालंय. क्रिएशन रेकॉर्ड्सनं ४ नोव्हेंबर १९९१ रोजी ब्रिटनमध्ये आणलेल्या ‘लव्हलेस’मध्ये थर आहेत, पण वाटतात तितके नाहीत. बँडचा म्होरक्या केव्हिन शील्ड्स याने स्वतः सांगितलंय की गिटारचे ट्रॅक लोक समजतात त्याहून खूप कमी आहेत. जे भिंतीसारखं ऐकू येतं ते प्रामुख्यानं एका गिटारचा सूर जागेवर थांबत नसल्यामुळे. एवढं कानाला पटलं की हा सुमारे साडेअठ्ठेचाळीस मिनिटांचा अल्बम गोंगाट वाटायचा थांबतो. मग त्यातली गाणी ऐकू यायला लागतात, आणि ती बहुतेक सगळी साधी, सुरेल, प्रेमाची गाणी आहेत.

आधी सूर हलतो कसा ते बघू, कारण अल्बमचं सगळं बरंवाईट त्याच्यावर उभं आहे. शील्ड्स फेंडरची जॅझमास्टर किंवा जॅग्वार वाजवतो. या दोन्ही गिटारवर तारा जिथे मागे अडकतात तिथे एक तरंगती पट्टी असते आणि तिला जोडलेला एक दांडा, म्हणजे ट्रेमोलो आर्म. दांडा दाबला की तारा सैल होतात, सूर खाली येतो. सोडला की परत वर जातो. बहुतेक गिटारवादक एखादा सूर किंवा कॉर्ड (एकत्र वाजवलेले सूर) वाजवून झाल्यावर शेवटी दांडा हलवतात. शील्ड्स तो हातातून सोडतच नाही. उजव्या हाताच्या बोटांत दांडा धरून त्याच हातानं तो तारांवर झपाझप स्ट्रोक मारतो, त्यामुळे प्रत्येक स्ट्रोकबरोबर अख्खी कॉर्ड किंचित खाली-वर होते. यालाच पुढे ‘ग्लाइड गिटार’ म्हणायला लागले. दांडा नेहमीपेक्षा थोडा वर उचललेला राहावा आणि खोबणीत घसरू नये म्हणून तो त्याला टेप गुंडाळतो. साधी युक्ती आहे, पण तिच्याशिवाय मनगटाची ती हालचाल जमत नाही.

हाच परिणाम कोरस पेडलनं मिळतो असं अनेकांना वाटतं, आणि तिथेच नक्कल फसते. कोरस पेडल मूळ आवाज तसाच ठेवतं आणि त्याची थोडी उशिरा येणारी, सूर हललेली प्रत त्यात मिसळतं. ती हालचाल ठरावीक वेगानं, गोल गोल फिरत राहते. दोन मिनिटांत कानाला तिची लय सापडते आणि मग तिच्यात काही उरत नाही. दांड्याला अशी आवर्तनं नसतात. हात गाण्याच्या भावाप्रमाणे कुठे घाई करतो, कुठे रेंगाळतो. शिवाय सगळ्या तारा सारख्या उतरत नाहीत: जाडी आणि ताण वेगळा, म्हणून एकाच दाबाला एक तार जास्त उतरते, दुसरी कमी. हालचाल चालू असेपर्यंत कॉर्ड आतल्या आत बेसूर होत असते आणि दांडा सुटला की पुन्हा जुळते. तारा ओपन ट्यूनिंगमध्ये (मोकळ्या छेडल्या तरी कॉर्ड वाजेल अशा लावलेल्या) असतील आणि दोन तारा जवळजवळ एकाच सुरात लावलेल्या असतील, तर त्यांच्यातला तो बारीक फरक कानाला आणखी दोन-तीन गिटार असल्याचा भास देतो. एकाच्या दहा गिटार होतात त्या इथे.

दुसरा घटक म्हणजे रिव्हर्स रिव्हर्ब, आवाजाच्या घुमण्याचा उलटा प्रकार. यामाहाच्या एसपीएक्स ९० या रॅकमधल्या यंत्रात तो मिळायचा. अलेसिसचं मिडिव्हर्बही शील्ड्सनं वापरलं. नेहमीचा रिव्हर्ब आवाजानंतर विरत जातो. हा उलटा चढत येतो आणि एकदम तुटतो. गंमत अशी की यात टेप उलटी फिरत नाही. वाजवलेलं सरळच येतं, फक्त त्याचा चढउतार उलटा असतो, त्यामुळे ताल शाबूत राहतो पण तारेवर पिक आपटल्याचा टोकदार आवाज नाहीसा होतो. सुरुवात पुसली गेली की ही गिटार आहे की बासरी आहे की माणूस, हे कान ओळखू शकत नाही. शील्ड्स यात मूळ कोरडा आवाज अजिबात मिसळत नाही, आणि गिटारचा टोन नॉब खाली उतरवतो. ज्यांना हे घरी करून बघायचंय त्यांनी रिव्हर्बचा मिक्स पूर्ण १०० टक्के ओल्या बाजूला (फक्त रिव्हर्बचा आवाज, मूळ शून्य) न्यावा, टोन जवळजवळ बंद करावा आणि डिस्टॉर्शन (आवाज फाडून खरखरीत करणारा परिणाम) रिव्हर्बच्या पुढे, म्हणजे नंतर लावावं. उलट क्रमानं लावलं तर डिस्टॉर्शनचा करकरीतपणा रिव्हर्बच्या वर तरंगतो आणि सगळा खेळ मोडतो.

गिटारबद्दलही एक-दोन अडचणी सांगायला हव्यात. जॅझमास्टरवर ९ गेजच्या बारीक तारा लावून असं वाजवलं तर तारा ब्रिजच्या (तारा ज्यावर टेकतात त्या भागाच्या) खाचांतून उडतात, कारण ब्रिजवर त्यांचा खाली दाब कमी असतो. ११ किंवा १२ चा संच लावायचा, आणि तरीही उडत असतील तर मानेच्या खोबणीत पातळ पट्टी (शिम) घालून कोन वाढवायचा. ब्रिज मागेपुढे डोलतो म्हणून तो टेप लावून घट्ट बसवायचा मोह होतो, तो आवरावा. डोलणं ही त्याची रचनाच आहे, तारांबरोबर तो पुढेमागे होतो म्हणून सूर परत जागेवर येतो. सूर परत येत नसेल तर दोष बहुधा नटमध्ये, म्हणजे मानेच्या वरच्या टोकाच्या खाचांच्या पट्टीत, असतो. खाचेत ग्राफाइट, म्हणजे पेन्सिलचं शिसं घासलं तरी बराच फरक पडतो.

हे एवढं सविस्तर सांगायचं कारण, ‘ओन्ली शॅलो’ हे पहिलंच गाणं या सगळ्याचा नमुना आहे. स्नेअर ड्रमचे चार ठोके, आणि त्यावर कोसळणारा तो आवाज. त्यासाठी शील्ड्सनं दोन अँप समोरासमोर ठेवले, दोन्हींवरचा ट्रेमोलो (हा दांड्याचा नव्हे, आवाज लहानमोठा करणारा अँपमधला परिणाम) वेगवेगळ्या गतीवर ठेवला आणि मधोमध माइक लावला. तशी एक-दोन ध्वनिमुद्रणं केली, ती उलटी करून सॅम्पलरमध्ये (आवाजाचे तुकडे साठवून पुन्हा वाजवणाऱ्या यंत्रात) घेतली आणि मूळ आवाजावर बसवली. एवढंच. पण या चार मिनिटांत त्याहून महत्त्वाचं एक काम होतं: गाण्याच्या कडव्यात तो डोंगर बाजूला होतो आणि बिलिंडा बुचरचा आवाज अगदी कानाशी येतो. आरडाओरडा करणाऱ्या गिटारसमोर गायिका आवाज चढवत नाही, ती कुजबुजते. या विरोधावर अख्खा अल्बम चालतो, आणि श्रोत्याला तो पहिल्याच मिनिटात समजावून दिलेला आहे.

बँड डब्लिनचा, शील्ड्स आणि ड्रमर कोलम ओ किसोग यांनी तो १९८३ मध्ये सुरू केला. १९८५ मध्ये डेबी गूज बासवर आली, १९८७ मध्ये बुचर गाण्यासाठी आणि गिटारसाठी. पहिला अल्बम ‘इझंट एनीथिंग’ १९८८ चा, वेल्समध्ये फार कमी दिवसांत मुद्रित केलेला. तो चौघांचा अल्बम होता. ‘लव्हलेस’ मात्र बहुतांशी एकट्या शील्ड्सच्या हातचा आहे. सगळी गिटार आणि सगळा बास त्यानेच वाजवला; गूजचं नाव श्रेयनामावलीत आहे, वादन नाही. ओ किसोग त्या काळात आजारी होता, राहत्या जागेचीही चिंता होती, म्हणून त्याने वाजवलेले तुकडे सॅम्पलरमध्ये घेऊन त्यातून बहुतेक गाण्यांचे ड्रम जोडले गेले. प्रत्यक्ष सलग वाजवलेले ड्रम आहेत ते ‘ओन्ली शॅलो’ आणि ‘कम इन अलोन’ या दोनच गाण्यांत. दोन्ही गाणी बाकीच्या नऊ तुकड्यांपेक्षा जास्त धडधडीत का वाटतात याचं उत्तर यात आहे.

फेब्रुवारी १९८९ मध्ये लंडनच्या ब्लॅकविंग स्टुडिओत काम सुरू झालं तेव्हा क्रिएशनला वाटलं होतं की पाच दिवसांत मुद्रण उरकेल. ते सप्टेंबर १९९१ पर्यंत चाललं आणि १९ स्टुडिओ पालटले गेले. ढिगानं ध्वनिअभियंते आले-गेले. प्रत्यक्ष कामात ज्यांचा वाटा मोठा ती नावं ॲलन मोल्डर आणि अंजली दत्त यांची. या कामावर अडीच लाख पौंड गेले आणि कंपनी बुडायची वेळ आली, ही गोष्ट इतक्यांदा सांगितली गेलीय की ती अल्बमचाच भाग झालीय. शील्ड्सच्या म्हणण्याप्रमाणे तो आकडा फुगवलेला आहे. प्रकाशनानंतर क्रिएशननं बँडला सोडलं, हे मात्र खरं. ब्रिटनच्या अल्बम यादीत ‘लव्हलेस’ २४ व्या क्रमांकापर्यंतच गेला होता.

खर्चापेक्षा गाणं मुद्रित करण्याच्या पद्धतीत जास्त शिकण्यासारखं आहे. बुचर अनेकदा झोपेतून उठून, पहाटे किंवा सकाळी लवकर, थेट माइकसमोर यायची. आवाजातला तो जडपणा, शब्दांच्या कडा विरघळल्यासारखं वाटणं हे यंत्रांनी आणलेलं नाही. अभियंत्यांना आत दिसू नये म्हणून कंट्रोल रूमच्या काचेवर पडदे टांगलेले असायचे. ‘व्हेन यू स्लीप’मध्ये स्त्री आणि पुरुष एकत्र गातात असं वाटतं, तो शील्ड्स एकटाच आहे. एकही टेक मनासारखा येईना, तेव्हा डझनभर टेक एकमेकांवर ठेवले गेले, काहींचा वेग वाढवून, काहींचा कमी करून. टेप हळू फिरवून गायचं आणि नेहमीच्या वेगानं वाजवायचं, की आवाज वर चढतो आणि बारीक होतो; उलट केलं की जाड होतो. दोन्ही मिसळले की वयही कळत नाही आणि लिंगही नाही. मला हे अल्बममधलं सर्वांत हुशारीचं काम वाटतं, कारण ते गाण्याच्या अर्थाशी जुळतं: झोपलेल्या माणसाकडे बघत म्हटलेलं गाणं कोण कोणासाठी म्हणतंय हे नक्की नसणंच तिथे शोभतं.

शब्दांचा विषय निघालाच आहे तर: अल्बमसोबत गीतं छापलेली नाहीत. इंटरनेटवर जी सापडतात ती ऐकणाऱ्यांनी अंदाजानं उतरवलेली आहेत आणि एका ठिकाणचं दुसऱ्याशी जुळत नाही. गीतं शील्ड्स आणि बुचर यांनी लिहिली, साधारण तिसरा हिस्सा तिचा. ती वाचत वाचत ऐकू नये. वाचलं की मन शब्द शोधायला लागतं आणि आवाज ऐकू येत नाही, आणि इथे गाणाऱ्याच्या आवाजाला मिक्समध्ये, म्हणजे सगळे आवाज एकत्र जुळवताना, मुद्दाम मागच्या रांगेत बसवलंय. तो दुसऱ्या वाद्यासारखा ऐकला की जागेवर बसतो.

‘लूमर’ छोटं आहे, अडीच मिनिटांच्या थोडं वर, घुमणारं, आणि पहिल्या गाण्याच्या धक्क्यानंतर ते बरंही वाटतं. ‘टच्ड’ हा ५६ सेकंदांचा तुकडा एकट्या ओ किसोगचा. ऑर्केस्ट्राच्या तुटक्या तबकडीसारखं काहीतरी फिरतं आणि संपतं. अनेकजण तो वगळून पुढे जातात. जाऊ नये, कारण पुढचं ‘टू हिअर नोज व्हेन’ त्याच्याशिवाय फार अचानक सुरू होतं.

आणि ‘टू हिअर नोज व्हेन’ हा या अल्बमचा माथा आहे. साडेपाच मिनिटं जमीन स्थिर नाही. गिटार अख्खी कॉर्ड घेऊन वर-खाली लहरते, ड्रम इतके खोल पुरलेत की ते आहेत की नाहीत याची शंका यावी, वर एक बासरीसारखी धून फिरत राहते आणि तिच्या आड बुचर गाते. पहिल्यांदा ऐकताना प्लेअर बिघडलाय असं वाटणं अगदी स्वाभाविक आहे. हे गाणं फेब्रुवारी १९९१ मध्ये ‘ट्रेमोलो’ या छोट्या रेकॉर्डवर आधीच आलं होतं. ऐकताना एक करावं: गिटारचा पाठलाग सोडून द्यावा आणि फक्त वरची धून धरावी. ती एकाच जागी आहे, हलत नाही. तिला धरलं की बाकी सगळं तिच्याभोवती हलताना ऐकू येतं, आणि गाण्याचा आकार दिसतो. शास्त्रीय गाणं ऐकणाऱ्या कानाला इथे मींड आठवेल. मींड मात्र एका स्वरावरून निघून दुसऱ्यावर पोचते. ही गिटार कुठेच पोचत नाही, स्वराच्या खालच्या अंगाला घुटमळत राहते.

‘व्हेन यू स्लीप’ नवख्यांसाठी सगळ्यात सोपं दार. रिफ, म्हणजे गिटारची परत परत येणारी धून, लगेच लक्षात राहतो, ताल सरळ आहे. ‘आय ओन्ली सेड’मधली ती वावव असं उघडझाप करणारी गिटार वाव पेडलची वाटते, पण ती हातानं केलेली आहे: मुद्रित गिटार एका ट्रॅकवरून दुसऱ्यावर घेताना मध्ये पॅरामेट्रिक इक्वलायझर (सुरांची हवी ती पट्टी कमीजास्त करणारं यंत्र) लावून त्याचे नॉब वाजता वाजता फिरवले. वाव पेडल पायाच्या लयीत चालतं. हे तसं चालत नाही, म्हणून ते जिवंत वाटतं. गाणं मात्र लांबलंय. शेवटचा मिनिट-दीड मिनिट तोच रिफ फिरतो आणि त्यात नवीन काही घडत नाही. सूर हलण्यातली मजा फक्त पुनरावृत्तीवर तगत नाही, तिला खालून कॉर्ड बदलायला लागते. ‘टू हिअर नोज व्हेन’ आणि या गाण्यात हाच फरक आहे.

‘कम इन अलोन’ चांगलं आहे, जोरकस आहे, त्यावर फार बोलण्यासारखं नाही. ‘समटाइम्स’ मात्र वेगळं काढून ऐकावं. ड्रम जवळजवळ नाहीतच. खाली अकूस्टिक गिटारचे साधे स्ट्रोक, त्यावर फझचा, म्हणजे खरखरीत फाटलेल्या गिटारचा, जाड पडदा, आणि शील्ड्सचा एकट्याचा, थकलेला आवाज. ज्यांना ही सगळी यंत्रांची करामत वाटते त्यांनी हे गाणं फक्त गिटार घेऊन म्हणून बघावं. ते तसंही उभं राहतं. २००३ च्या ‘लॉस्ट इन ट्रान्स्लेशन’ चित्रपटात ते वापरलं गेल्यावर बऱ्याच लोकांना हा बँड कळला. ‘ब्लोन अ विश’ हे अल्बममधलं सर्वांत मऊ गाणं. बुचरच्या आवाजाचे आकार एकमेकांवर रचलेले आहेत आणि गिटारनं मागे सरून जागा दिलीय. ‘व्हॉट यू वॉन्ट’ वेगवान आहे, पण मला ते अल्बममधलं सर्वांत कमकुवत वाटतं, कारण इथे यंत्रानं जोडलेल्या ड्रमची एकसुरी खटखट लपत नाही. शेवटी एक तरंगती धून बराच वेळ फिरत राहते आणि ‘सून’साठी वाट करून देते.

‘सून’ सगळ्यात आधी आलं, एप्रिल १९९० मध्ये, ‘ग्लायडर’ या छोट्या रेकॉर्डवर. जवळजवळ सात मिनिटं. नाचायला लावणारा ठेका, त्यावर तुकड्यातुकड्यानं येणारी गिटार. याच गाण्याचं डीजे अँड्र्यू वेदरॉलनं केलेलं रीमिक्स त्या वेळच्या क्लबांत वाजलं, आणि संगीतकार ब्रायन ईनोनं या गाण्यानं पॉप संगीताला नवा मापदंड दिल्याचं म्हटलं होतं. ते कौतुक रास्त आहे. सॅम्पल केलेल्या ड्रमची जी मर्यादा ‘व्हॉट यू वॉन्ट’मध्ये खटकते तीच इथे ताकद होते, कारण ठेक्यानं न बदलता चालत राहणं हे नाचाच्या संगीतात अपेक्षितच असतं. प्रश्न एवढाच की हे गाणं बाकीच्या अल्बमपेक्षा वेगळ्या घरातलं आहे. शेवटी ठेवलंय म्हणून खपून जातं; मध्ये असतं तर पुढचं काहीच टिकलं नसतं.

त्रुटींचं बोलायचं तर सर्वांत मोठी ड्रमची. ‘इझंट एनीथिंग’वर ओ किसोग असा वाजवतो की गाणं कुठल्याही क्षणी कोसळेल असं वाटावं, आणि ती थरारक अस्थिरता इथे हरवलीय. एका बाजूला गिटार इतकी मानवी, हातानं हललेली, आणि खाली ड्रम जागेवर खिळलेले. दुसरी, बास. तो वाजलाय, पण गिटारच्या खालच्या पट्टीत मिसळून गेलाय. चांगल्या स्पीकरवरही तो वेगळा काढता येत नाही. ‘शूगेझ’ या शैलीच्या नावाखाली नंतर आलेल्या अनेक बँडनी नेमक्या याच दोन गोष्टी उचलल्या, पुरलेला बास आणि पुरलेला गायनाचा आवाज, आणि हाताची ती हालचाल मात्र राहून गेली.

ऐकायचं कसं, हा या अल्बमच्या बाबतीत बारीकसारीक प्रश्न नाही. लहान आवाजात माणसाचा कान खालचे आणि वरचे सूर मधल्या सुरांपेक्षा खूप कमी पकडतो. या मिक्समध्ये मधल्या पट्टीत गिटारचा खरखरीत भाग आहे, त्यामुळे आवाज कमी ठेवला की नेमका तोच उरतो. गाभा निघून जातो, फेस राहतो. म्हणून आवाज वाढवायचा. मूळ सीडी आजच्या सीडींच्या मानानं हळू आवाजात मास्टर केलेली (छापण्याआधी शेवटची जुळवलेली) आहे, तेव्हा नॉब नेहमीपेक्षा बराच पुढे न्यावा लागतो. पण मर्यादा ठेवावी: अमेरिकेतल्या नायोश या संस्थेच्या शिफारशीप्रमाणे दिवसाला ८५ डेसिबल ८ तास चालतात आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते, म्हणजे ९४ डेसिबलला फक्त एक तास. बसायच्या जागी ८५च्या आसपास ठेवलं तर अल्बम पूर्ण उघडतो आणि कानाला धोका राहत नाही. फोनमधल्या साध्या डेसिबल मीटरचा अंदाज यासाठी पुरतो.

हेडफोनपेक्षा दोन स्पीकर बरे. शील्ड्सनं गिटार डावी-उजवीकडे पसरवण्याऐवजी मधोमध, जवळपास मोनोसारखी ठेवलीय. हेडफोनवर ती डोक्याच्या आत दाटते. स्पीकरवर तिला समोर जागा मिळते. स्पीकर भिंतीपासून निदान हातभर पुढे घ्या, नाहीतर खालचे सूर फुगून आवाज चिखल होतो. बास बूस्ट, थ्रीडी, सराउंड असली बटणं बंद. गाणी एकमेकांत मिसळणाऱ्या छोट्या तुकड्यांनी जोडलेली आहेत, म्हणून प्लेअरमधला क्रॉसफेड (एक गाणं विरताना दुसरं चढवणं) बंद आणि गॅपलेस (मध्ये खंड न पडणं) चालू हवं. शफल तर नकोच. आणि १२८ केबीपीएसच्या एमपी३ वर हा अल्बम ऐकून मत बनवू नये. अशी फाइल कानाला ऐकू येणार नाही तो भाग टाकून आकार कमी करते. इथे आवाज सगळ्या पट्ट्यांत दाट भरलेला असल्यानं टाकण्यासारखं थोडंच असतं, आणि मग वरच्या सुरांत पाण्याखालच्यासारखी सळसळ येते. ३२० केबीपीएस किंवा लॉसलेस, म्हणजे काहीच न टाकलेली फाइल, घ्या. आपली यंत्रणा पुरेशी आहे का हे बघायला ‘टू हिअर नोज व्हेन’ लावा: पुरलेला ताल आणि बुचरचा आवाज दोन्ही वेगवेगळे धरता आले तर पुरेशी आहे.

कुठली आवृत्ती घ्यावी? अल्बमचं मूळ मास्टरिंगच कष्टाचं होतं. गाणी जोडण्यासाठी वापरलेल्या जुन्या, पूर्वी सिनेमाचे संवाद जोडायला वापरल्या जाणाऱ्या यंत्रानं अख्ख्या अल्बमची फेज, म्हणजे ध्वनिलहरींचा आपसातला मेळ, बिघडवली आणि शील्ड्सनं ती आठवणीवरून पुन्हा जुळवली. एका दिवसाच्या कामाला १३ दिवस लागले. २०१२ च्या सोनीच्या आवृत्तीत दोन सीडी आहेत, त्यातली एक अर्ध्या इंचाच्या मूळ ॲनालॉग टेपवरून केलेली. पुढे २०१८ मध्ये शील्ड्सनं पूर्ण ॲनालॉग मार्गानं कापलेली विनाइल आवृत्ती आणली. २०२१ मध्ये डोमिनो कंपनीकडे हक्क गेल्यावर अल्बम स्ट्रीमिंगवर परतला आणि पुन्हा छापला गेला: डीलक्स एलपी ॲनालॉग, साधी एलपी २४ बिट डिजिटल स्रोतावरून.

रेकॉर्ड प्लेअर, सुई आणि कार्ट्रिज नीट लावलेली असतील तर डीलक्स एलपी घ्यावी. एका एलपीवर ४८ मिनिटं म्हणजे एका बाजूला सुमारे २४ मिनिटं येतात. एवढं बसवायला खाचा दाट कापाव्या लागतात, म्हणून आवाज थोडा हळू असतो. ‘सून’ अगदी आतल्या खाचांत येतं, आणि तिथे साध्या गोल टोकाच्या सुईनं वरचे सूर फाटतात. लंबगोल किंवा त्याहून बारीक घडणीची सुई हवी. असा प्लेअर नसेल तर विनाइलवर पैसे घालू नयेत. मूळ १९९१ ची सीडी जुन्या बाजारात चांगल्या स्थितीत मिळाली तर ती आजही उत्तम वाजते, आणि नाही मिळाली तर २०२१ ची डिजिटल आवृत्ती लॉसलेसमध्ये घ्यावी.